धुऱ्यावरचा भुईनिंब

मूलहून गडचिरोलीकडे निघाले की वैनगंगा ओलांडण्याआधी सावली तालुका लागतो. पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि धुऱ्याधुऱ्यावर तुरीची रांग उभी असते. झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याला धुरा मोकळा ठेवणे कधी पटलेले नाही. बांधीतले पाणी अडवायला धुरा हवाच, मग त्यावर वर्षभराच्या वरणाची सोय का करू नये, असा हा सरळ हिशेब आहे. या रांगेत आणि गावाजवळच्या बरड तुकड्यांत औषधी वनस्पतींना जागा द्यावी, असे माझे म्हणणे आहे. मात्र कोणत्या वनस्पतीला कुठे जागा द्यायची, हे तिच्या शरीरात काय कुठे साठते ते पाहून ठरवावे लागेल.

सुरुवात भुईनिंबापासून करू. आयुर्वेदाच्या व्यापारात याला कालमेघ म्हणतात. चौकोनी दांडा, फार तर कमरेएवढी उंची, लहान पांढरी फुले आणि फुलाच्या ओठावर जांभळ्या रेघा. पान चघळले की कडवटपणा बराच वेळ जिभेवरून हटत नाही. हा कडवटपणा मुख्यतः अँड्रोग्राफोलाइड या द्रव्याचा. गॉर्टर या संशोधकाने ते 1911 मध्ये वेगळे काढले. हे द्रव्य दांड्यापेक्षा पानांत कितीतरी जास्त असते आणि झाड फुलावर येते त्या सुमारास सर्वाधिक भरते. बी धरले की पाने पिवळी पडून गळू लागतात आणि मागे उरतात त्या काड्या. म्हणजे एकाच झाडाची किंमत आठ-पंधरा दिवसांत वर-खाली होते.

रानातून पाला आणणाऱ्या माणसाला हे दिवस गाठणे अवघड जाते. आपण थांबलो तर दुसरा कोणी तोडून नेईल, ही धास्ती असते. म्हणून कोवळे झाडही उपटले जाते आणि बी पडायच्या आधीच ती जागा रिकामी होते. स्वतःच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या झाडाबाबत अशी घाई करावी लागत नाही. लागवडीचा खरा फायदा मला इथे दिसतो. उत्पादन वाढते हे आहेच, पण त्याहून मोलाचे म्हणजे काढणीचा दिवस शेतकऱ्याच्या हातात येतो.

धुऱ्याची माती पाणी धरत नाही, बांधी तुडुंब असली तरी वरचा भाग निचऱ्याचा राहतो. भुईनिंबाला नेमके तेच लागते. तुरीच्या विरळ सावलीत तो वाढतो आणि गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. मुळांसाठी लावायच्या वनस्पती मात्र धुऱ्यावर लावू नयेत. शतावरी किंवा सफेद मुसळी काढायची म्हणजे जमीन खणावी लागणार, आणि खणलेला धुरा पहिल्याच जोराच्या पावसात फुटणार. त्यांची जागा सांदवाडीत किंवा कुंपण घातलेल्या बरड तुकड्यात. कुंपण लागणारच, कारण रानडुकराला जमिनीतले कंद शोधायला कोणी शिकवावे लागत नाही.

धुऱ्यावर कडुनिंब असेल तर त्याच्यावर गुळवेल चढवता येते. बोटाएवढ्या जाडीचे कांडे पावसाच्या तोंडावर जमिनीत खोचले की लागते. तिचा दांडा आडवा कापून पाहावा. मधून कडेकडे जाणारे आरे आणि भोवती धाव असे गाडीच्या चाकासारखे चित्र दिसते, आणि वरची पातळ साल कागदासारखी सुटते. ही ओळख जिवाशी निगडित आहे. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने त्या रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली होती, हा प्रश्न उपस्थित केला, कारण टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची भावंड वेल सहज गुळवेल म्हणून खपून जाते. हा वाद कोणाच्या बाजूने सुटो, ज्याने ओळखीच्या वेलीचे कांडे स्वतः लावले त्याला आपल्या मालाची जात ठाऊक असते. दहा जणांकडून गोळा होऊन आलेल्या पोत्याबद्दल असे सांगता येत नाही.

मुळांच्या बाबतीत रानावर किती ताण येतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण सर्पगंधेचे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवर या मुळीचा काय परिणाम होतो ते मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले. औषधी द्रव्ये प्रामुख्याने मुळाच्या सालीत, तेव्हा मूळ काढले की झाड संपले. देशभरच्या जंगलांतून सर्पगंधा उपसली गेली. अखेर 1990 मध्ये तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालून नियंत्रित करावा लागला. पान, फळ किंवा वेलीचा तुकडा देणारी वनस्पती आणि मूळ देणारी वनस्पती यांत हा फरक आहे. मूळ देणाऱ्या वनस्पतींची लागवड झालीच पाहिजे, त्यांच्यासाठी रान हा पर्याय आता उरलेला नाही.

सावली तालुक्यात रानात जाण्याचा आणखी एक अर्थ आहे. हा तालुका ब्रह्मपुरी वनविभागाच्या पट्ट्यात येतो. ताडोबाच्या संरक्षित क्षेत्राबाहेर असूनही इथल्या जंगलांत वाघ मोठ्या संख्येने आहेत. मोहफुले वेचताना, तेंदूची पाने तोडताना माणूस वाकलेला असतो, वेळ पहाटेची असते, आणि याच हंगामात हल्ले होतात. बळी जाणाऱ्यांत बायाही असतात. मोह आणि तेंदूला रानाशिवाय गत नाही. पण चार-दोन हजारांचा पाला, मुळ्या आणि वेली तरी घराजवळ उगवल्या, तर रानातल्या काही फेऱ्या कमी होतील. या भागात औषधी लागवडीचा विचार करताना जमाखर्चाच्या वहीत ही बाब सर्वांत वर लिहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

लागवडीच्या नावाखाली रानावरचा हक्क मात्र सोडू नये. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत औषधी वनस्पती, मुळे आणि कंद स्पष्टपणे धरले आहेत. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा स्वतः वनोपजाचा व्यवहार करू लागल्या. हिरडा, बेहडा, आवळा ही वृक्षांची फळे आहेत, ती शेतात लावून लगेच मिळणार नाहीत. ती ग्रामसभेच्या रानातूनच, झाड राखून यावीत. उत्तर सह्याद्रीत हिरडा आणि बेहड्याच्या फळांना ‘फेअरवाइल्ड’ हे प्रमाणपत्र मिळाले आहे. तिथे फांद्या न तोडणे, सगळी फळे न ओरबाडणे असे नियम गोळा करणारेच पाळतात आणि जुनी झाडे उभी राहतात. अशा बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो.

आता सेंद्रिय या शब्दाकडे. औषधात अर्क काढतात, कित्येक किलो पाल्यातून एक किलो अर्क निघतो. पाल्यावर कीटकनाशकाचा अंश असेल तर तोही अर्काबरोबर घट्ट होऊ शकतो. त्यामुळे खरेदीदार तपासणीत कडक असतात. धुऱ्यावरच्या लागवडीची खरी अडचण इथे येते. बांधीतल्या धानावर तुडतुड्यांसाठी फवारा मारला की तो धुऱ्यावरही पडतो. मग भुईनिंबाला शेणखत घातले, हाताने निंदण केले, तरी तो सेंद्रिय राहत नाही. एक तर ती बांधी पूर्ण सेंद्रिय करावी, नाही तर औषधी वनस्पती वेगळ्या तुकड्यात, मध्ये पट्टा सोडून लावाव्यात. अर्धेमुर्धे चालत नाही. निर्यातीसाठी लागणाऱ्या राष्ट्रीय प्रमाणीकरणात हंगामी पिकांना पेरणीआधी 2 वर्षांचा, बहुवर्षायू पिकांना पहिल्या काढणीआधी 3 वर्षांचा रूपांतरकाळ मोजतात. देशातल्या बाजारासाठी पीजीएस ही सोपी वाट आहे. त्यात गावातले किमान 5 शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात.

शेतात नीट आलेला माल वाळवताना बिघडतो, हे सर्वाधिक वेळा घडते आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. भुईनिंबाची काढणी परतीच्या पावसात सापडू शकते. ओला पाला ढीग करून ठेवला की तापतो, काळा पडतो. दमट पोत्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते. युरोपच्या औषधसंहितेत त्यातल्या बी-1 या प्रकाराची मर्यादा किलोला 2 मायक्रोग्रॅम आहे. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा मालही यात नापास होतो. त्यामुळे गटाने पहिला पैसा रोपांवर खर्च करू नये. छप्पर, जमिनीपासून उंच जाळीचे माच आणि खेळती हवा एवढे आधी उभे करावे. वाळवण्यापुढची प्रक्रियाही गावातच व्हावी. 1936 मध्ये सावलीला गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले, तेव्हा इथे खादीचे काम जोमात होते. कापूस गावाबाहेर पाठवण्याऐवजी सूत आणि कापड करून पाठवायचे, हे तत्त्व या गावाला नवे नाही. शतावरीचे ताजे मूळ किंचित उकळून सोलणे, आतली चिवट दोरी ओढून काढणे, सारखे तुकडे करणे हे काम गावातच झाले तर त्याची मजुरीही गावात राहते.

बाजाराबद्दल मात्र सावध केलेच पाहिजे. सफेद मुसळी ही जात 1950 च्या दशकात नोंदली गेली, तिचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले. या शतकाच्या सुरुवातीला तिच्या लागवडीची लाट आली. बेण्याचे भाव भडकले. पैसा बेणे विकणाऱ्यांनी कमावला, आणि वाळलेली मुसळी विकायची वेळ आली तेव्हा अनेक शेतकरी हात चोळत बसले. जो रोपे विकतो तोच माल उचलण्याची तोंडी हमी देत असेल तर थांबावे. त्याउलट उदाहरण शहापूरच्या कातकरी तरुणांचे. त्यांनी गुळवेल गोळा केली, वाळवली आणि मोठ्या औषध कंपन्यांच्या थेट मागण्या मिळवल्या. तिथे खरेदीदार आधी ठरला आणि माल नंतर गेला.

कागदपत्रांत एक गोष्ट विसरू नये. रानात मिळणारी वनस्पती शेतात लावली की वनखात्याच्या नाक्यावर ती रानातली की शेतातली, हा प्रश्न येतो. ई-पीक पाहणीत तिची नोंद असली की सातबारा उत्तर देतो. बी आणि रोपांची विचारपूस अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानात करता येते. सिंदेवाहीचे याच विद्यापीठाचे संशोधन केंद्र तर लागूनच आहे.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी पहिल्या वर्षी दोन-चार धुरेच घ्यावेत. भुईनिंबाचे बी इतके बारीक की हेक्टरभर रोपांना एक किलोही लागत नाही, वाळूत मिसळून गादीवाफ्यावर टाकावे लागते. ताजे बी नीट उगवत नाही, काही महिने जुने हवे. जूनच्या सुरुवातीला वाफे टाकले की महिन्याभरात रोपे तयार होतात, पण तेव्हा रोवणीचा जोर असतो आणि मजूर मिळत नाहीत. म्हणून धानाची रोवणी आटोपल्यावर लगेच ओल्या धुऱ्यावर रोपे लावावीत. फूल आले की जमिनीपासून वीतभर वर कापणी, आणि भारी धान कापायच्या आधी पाला माचावर. बियाण्यासाठी राखलेल्या झाडांवर रोज नजर हवी, कारण शेंग वाळली की तडकते आणि बी दूरवर उडवून देते. शेंगा तपकिरी होऊ लागताच सकाळच्या दवात काढून घ्याव्यात.