पडद्यावरची बाहुली

निर्मल हे २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातले गाव. तेथील पोनिकीच्या मऊ लाकडाच्या बाहुलीचे लुगडे रंगानेच अंगावर चढविलेले असते. ते बदलावयाचे म्हणजे बाहुलीच दुसरी घ्यावयाची! जपानात १९९१ साली संगणकावर अवतरलेल्या ‘किसेकाए’ बाहुलीची, म्हणजे वस्त्रे पालटणारीची, तऱ्हा निराळी. तिचे प्रत्येक वस्त्र हे स्वतंत्र चित्र. माउसने धरून ते अंगावर सरकवावयाचे. साध्या अक्षरांत लिहिलेल्या एका यादीत जे चित्र आधी, ते वर दिसे. मूळ पद्धतीत रंग मात्र सोळाच! चित्रे, यादी व रंग एकत्र आवळून फ्लॉपीवरून किंवा टेलिफोनच्या तारेने दुसऱ्यास धाडीत. बाहुली दाखविणारा प्रोग्राम वेगळा असल्यामुळे तीच बाहुली निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर चाले. शिवाय यादी उघडून कोणालाही तीत नव्या वस्त्राची भर घालता येई. मनात आणले तर लुगड्याचीसुद्धा.