ब्रेकरचा ठेका देताना बोटांचाही हिशेब धरा

दुकानाचा जुना कोबा उखडायचा असो, गोदामाचे काँक्रीट फोडायचे असो किंवा दारापुढची मोरी रुंद करायची असो, ठेकेदाराला आपला पहिला प्रश्न भावाचा असतो. ब्रासला किती घेणार? किती दिवसांत संपवणार? मग ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर येतो, हवेची नळी पसरली जाते आणि २५ ते ४० किलो वजनाचा ब्रेकर घेऊन एक मजूर कामाला लागतो. ठरलेल्या भावात त्या मजुराची बोटे, कान आणि फुप्फुसे धरली आहेत काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

ब्रेकरमध्ये चौरस इंचाला सुमारे ९० पौंड दाबाची हवा येते. आतला दट्ट्या मिनिटाला हजाराच्या आसपास ठोके छिन्नीवर घालतो. हा धक्का काँक्रीटला बसतो तसाच मुठी धरणाऱ्या हातांनाही बसतो. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड घडवणारे कारागीर हवेचे हातोडे वापरीत. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली त्यांची तपासणी केली, तेव्हा थंडीत त्यांची बोटे पांढरी पडून बधिर होतात असे दिसले. आजही हा रोग तसाच आहे. आधी मुंग्या येतात, मग बोटे पांढरी पडतात, शेवटी सदऱ्याचे बटणही लावता येत नाही. सुरुवातीलाच काम बदलले तर बरे, नाहीतर गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. ज्यांची रोजी बोटांवर चालते त्या शिंपी व जरीकाम करणाऱ्या बंधूंना हे नुकसान समजावून सांगायला नको.

वेळेचा हिशेब

युरोपातील देशांनी २००२ साली कंपनाची मर्यादा ठरवली. त्यांच्या मापाने आठ तासांच्या दिवसाला ५ ही शेवटची हद्द आहे आणि २.५ पासूनच मालकाने उपाय सुरू करायचे आहेत. हिशेब असा की कंपन दुप्पट झाले की वेळ निम्मी नव्हे, पाव होते. ज्या ब्रेकरचे कंपन १० आहे तो दिवसात दोन तास चालवला की हद्द संपते. जुना, ढिला ब्रेकर २० पर्यंत गेला तर अर्ध्या तासातच संपते. म्हणून एका ब्रेकरवर एकच माणूस दिवसभर ठेवू नये. दोघे-तिघे आलटून पालटून असावेत. छिन्नी बोथट झाली की कंपन वाढते आणि कामही हळू होते, तेव्हा धार लावलेल्या जादा छिन्न्या जवळ हव्यात. साध्या हातमोज्यांनी कंपन थांबत नाही, पण हात ऊबदार व कोरडे राहतात, तेही महत्त्वाचे आहे. विडी-सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात आणि त्रास वाढतो.

कान आणि छाती

लूमच्या खात्यात आयुष्य काढलेला माणूस घरीही मोठ्याने का बोलतो, हे भिवंडी-मालेगावच्या वाचकांना ठाऊक आहे. ब्रेकरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील, पण १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटे. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. कानाचे प्लग किंवा कानावरचे मफ घ्यावेत.

धुळीचे संकट याहून मोठे आहे. काँक्रीटमधील वाळूत सिलिका असते. तिचा बारीक कण छातीत बसला की सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. पुष्कळदा त्याला क्षय समजून उपचार चालतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो. तोंडाला रुमाल बांधून काम करणारे मजूर आपण रोज पाहतो. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने सांगावे लागत नाही की मांजरपाट असो की मलमल, ताण्याबाण्यातील फटी या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. खरा उपाय म्हणजे छिन्नीच्या टोकावर सतत पाण्याची फवार. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमातही पाणी किंवा धूळ ओढणारी यंत्रणा हाच पहिला उपाय आहे. बंद गोदामात पाण्याबरोबर धूळ गाळणारा चांगला मास्कही हवा.

नळी आणि जमिनीखालचा धोका

दाबाखालची नळी निसटली तर चाबकासारखी फिरते. जोड बांधणीच्या तारेने आवळलेले असतील तर काम सुरू करू देऊ नये. पक्के क्लॅम्प, पिना आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना अडकवलेला तारेचा दोर असावा. छिन्नी बदलण्याआधी कंप्रेसरकडची चावी बंद करावी व नळीतली हवा सोडून द्यावी. नळी दुमडून हवा अडवू नये. हवेच्या झोताने अंगावरची धूळ झाडण्याची सवय फार घातक आहे.

फोडण्याआधी खाली विजेची केबल, गॅसची किंवा पाण्याची लाइन आहे काय, हे संबंधित कचेरीत विचारून खुणा करून घ्याव्यात. स्लॅब असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू नये. चालवणाऱ्याने चष्मा व लोखंडी टोपीचे बूट घालावेत, पाय फाकून उभे राहावे, अंगाचा भार ब्रेकरवर टाकू नये. कडेपासून थोडे थोडे फोडत यावे. छिन्नी खोल अडकवून पहारीसारखी हलवू नये आणि ती वर उचललेली असताना घोडा दाबू नये.

सौदा असा करावा

या सगळ्या गोष्टी मजुराला ठाऊक नसतात असे नाही. पण ब्रासवर ठेका असला की पाणी मारायला थांबणे म्हणजे त्याचीच मजुरी बुडणे. म्हणून फोडण्याचे काम रोजावर द्यावे, आणि ब्रासवरच द्यायचे तर पाणी, मास्क, कानाचे मफ, नवे जोड व बदलीचा माणूस यांचा खर्च भावात धरून कागदावर लिहून घ्यावा. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या आणि मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केलेल्या कामगाराची तेथे नोंदणी होते. ती झाली आहे काय, हेही विचारावे आणि नसल्यास ९० दिवसांचा दाखला द्यायला मालकाने व ठेकेदाराने मागेपुढे पाहू नये.

भाव थोडा चढेल. पण स्वस्तात फुटलेल्या कोब्याची उरलेली किंमत दुसऱ्याच्या घरातून वसूल होत असेल, तर त्या सौद्याला फायद्याचा सौदा म्हणता येणार नाही.