एका अंगात पाच प्राणी!

बडोद्याहून भरूचकडे निघालात की वाटेत करजण लागतं. काळीभोर माती, कपाशी आणि तुरीची शेतं, बांधाबांधाला वेडी बाभूळ. इथे उजाडताना शेताच्या कडेला गुपचूप उभं राहायचं. नशीब असेल तर तुरीतून आधी दोन कान वर येतात, मग लांब मान, मग निळसर राखाडी पाठ. पाठ पुढून उंच, मागे उतरती. तुम्ही ओरडणार, "घोडा!"

ओरडलात की तो पळालाच म्हणून समजा. शिवाय तो घोडा नव्हेच. इथली माणसं त्याला रोझ म्हणतात, विदर्भात रोही, आणि पुस्तकात नीलगाय. घोड्यासारखा दिसतो म्हणून कुणी घोडरोजही म्हणतं.

खरी गंमत त्याच्या शास्त्रीय नावात आहे. बॉसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस! जीभ वळली का? आता हे नाव फोडू या. बॉस म्हणजे बैल, एलॅफॉस म्हणजे हरीण, ट्रॅगॉस म्हणजे बोकड आणि कॅमेलस म्हणजे उंट. यातला बोकड-उंट 1766 मध्ये पीटर पल्लास या शास्त्रज्ञाने जोडला, बैल-हरीण पुढे दुसऱ्याने. त्यात आपला घोडा मिळवा. झाले पाच! बिचाऱ्याला स्वतःचं असं काही ठेवलंच नाही.

मग यातलं बरोबर कोण? हरीण म्हणाल, तर थोडंसं बरोबर. हा कुरंग आहे, म्हणजे शिंगं कधीच न गाळणारा. चितळाची शिंगं गळतात आणि नवी येतात, याची मात्र जन्मभर तीच. तीही फक्त नराला, आणि एवढ्या धिप्पाड अंगाला जेमतेम वीतभर! निळसर रंगही नराचाच. मादी आणि पिल्लं तपकिरी. म्हणजे 'नीलगाय' हे नाव ज्या रंगावरून पडलं, तो गाईचा नाहीच, बैलाचा आहे.

पण 'गाय' म्हणणारे जिंकले बरं का! शास्त्रज्ञ नीलगाईला गाईगुरांच्याच उपकुळात बसवतात. काळवीट दिसायला तिचा भाऊ वाटतो, पण नात्याने गोठ्यातली म्हैस तिला जास्त जवळची. सगळ्यांत जवळचा नातलग म्हणजे चार शिंगांचा, बुटका चौशिंगा.

याच गोतावळ्यात आफ्रिकेतला ईलँडही येतो. आपला रोझ दोनशे-अडीचशे किलोंचा, तर ईलँडचा मोठा नर नऊशे किलोंपर्यंत जातो. तो चालताना टक् टक् आवाज येतो. पुढच्या पायांतले स्नायुबंध सरकतात, त्याचा हा आवाज असं मानतात. आणि त्याच्याही नावाचा घोळच. डच भाषेत ईलँड म्हणजे थंड प्रदेशातलं मूस हरीण! आफ्रिकेत आलेल्या डच लोकांनी ते या प्राण्याला चिकटवून दिलं.

ईलँड बघायला लोक पैसे मोजून जंगलातल्या लॉजवर राहतात. रोझ मात्र आपणच माणसांकडे मुक्कामाला येतो. दिवसा काटेरी झुडपांत, रात्री हरभऱ्यात. मग शेतकरी माळ्यावर जागत बसतो, डबे बडवतो. एका रात्रीत कळप किती पीक तुडवतो ते पाहिलंत तर तुम्हीही बडवाल.

एक गोष्ट मात्र याच्याकडून शिकण्यासारखी. नीलगाई लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागी येतात, तिथे चक्क ढीग साठतो. ढीग दिसला तर समजा, पत्ता बरोबर आहे. जवळ मात्र जाऊ नका, दुरूनच बघा.

आणि करजणला उतरणं जमणार नसेल, तर बडोदा-भरूच गाडीत पहाटे खिडकीची जागा पटकवा. दिसला तर आम्हाला जरूर कळवा, निळा होता की तपकिरी.