मध्यंतरातला पास
(लेखमाला : खिडकीतलं इंटरनेट, लेखांक ९)

गेल्या आठवड्यात पासवर्डाचं पुराण संपवलं, आणि या आठवड्यात काय लिहावं हा प्रश्न आमच्या आप्पांनीच सोडवला. पुतणीचं लग्न ठरलंय. चोपड्यात चैत्र-वैशाखाच्या तिथीला कार्यालय मिळवायचं म्हणजे आदल्या दिवाळीपासून मागे लागावं लागतं, त्यात अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागून, गाड्या लावायला जागा असलेलं हवं. आप्पा मोबाइलवर एका मंगल कार्यालयाची वेबसाइट उघडून बसले होते. खालून एक काळी पट्टी वर आली : ‘तुमचा अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून आम्ही कुकीज वापरतो.’ शेजारी हिरवं बटण, ‘सर्व स्वीकारा’.

“भाऊ, हाई कुकी काय शे?” आप्पांनी विचारलं. मी घाईत होतो. म्हटलं, दाबा आणि पुढे चला.

ते मला आठ दिवस भोवलं. आप्पांच्या मोबाइलवर कापसाचे भाव पाहताना मधेच शेरवानी दिसायला लागली. क्रिकेटचा स्कोअर उघडला की शेजारी मनालीचं हनिमून पॅकेज, तेही साठी उलटलेल्या माणसाला. त्यातच एक केटरर, दोन डीजेवाले आणि एक मेहंदीवाली यांचे फोन आले. “वरण-बट्टीचं पान काय भावानं धरायचं?” असं केटरर थेट विचारत होता, म्हणजे लग्न आहे हे त्याला आधीच ठाऊक. आप्पांचा निकाल झाला होता : तुझ्या त्या कुकीनं आपला नंबर फोडला.

आप्पा अर्धे बरोबर होते. कोणतं अर्धं, तेच आज पाहायचंय.

पूर्वी तंबूतल्या सिनेमाला मध्यंतर व्हायचं. चहाला बाहेर पडताना दारावरचा माणूस हातात एक चिठोरा द्यायचा, पास. परत येताना तो दाखवला की आत. त्याला तुमचं नाव माहीत नसे, गाव माहीत नसे, आणि एवढ्या गर्दीत तोंडावळा लक्षात ठेवणं त्याला शक्यही नव्हतं. पास होता म्हणून ‘हा मघाशी आतच होता’ एवढं त्याला कळायचं.

वेबसाइट चालवणारा सर्व्हर या दारवानाहून विसराळू असतो. तुम्ही हॉलचे फोटो पाहिले, मग तारखांच्या पानावर गेलात, तर त्याच्या लेखी दोन वेगळी माणसं आली. प्रत्येक मागणी नवी, मागचं काही आठवत नाही. वेबची मूळ रचनाच अशी आहे. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली नावाचा इंजिनिअर काम करत होता. ऑनलाइन दुकानाच्या टोपलीत गिऱ्हाइकानं काय टाकलं हे लक्षात कसं ठेवायचं, हा त्याच्यापुढचा पेच. त्यानं पासची युक्ती काढली : सर्व्हरनं ब्राउझरच्या हातात एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरनं ती जपायची आणि पुढच्या प्रत्येक वेळी दाखवायची. प्रोग्रामर मंडळींत अशा चिठ्ठीला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यातलं कुकी राहिलं. बिस्किटाचा संबंध नावापुरता.

या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तरी काय? बहुतेक वेळा एक लांबलचक, अर्थहीन आकडा. तुमचं नाव नाही, फोन नाही, बँकेचा खाते क्रमांक तर नाहीच. चिठ्ठीचा आकारही फार तर चार हजार अक्षरांचा. खरी वही त्यांच्याकडे असते, चिठ्ठी म्हणजे त्या वहीतल्या पानाचा नंबर. म्हणून कुकी म्हणजे व्हायरस, हा गैरसमज आधी सोडून द्या. कार्यालयाच्या साइटवर तुम्ही मराठी भाषा निवडली, १२ मे ही तारीख धरली, पाहुणे सहाशे लिहिले, आणि मधेच वीज गेली तरी परत आल्यावर ते तसंच राहिलं, तर त्यामागे बहुधा ही चिठ्ठी असते. लॉगइन टिकतं ते तिच्यामुळे. २०२४ च्या सप्टेंबरात नवी मुंबईतल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमासाठी लाखो लोक ऑनलाइन रांगेत ताटकळले. अशा आभासी रांगांत तुमचा नंबर तुमच्याच नावे राहायला हवा, तर चिठ्ठीसारखं काहीतरी लागतंच. दारवानानं दिलेला पास दारवानानंच पाहिला, यात कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुसऱ्या माणसामुळे.

कल्पना करा, दाराशी दारवानाशेजारी एक पानवाला बसलाय. तोही तुम्हाला एक चिठ्ठी देतो, त्याच्या नंबरची. तुम्ही ती खिशात टाकता. संध्याकाळी कापडाच्या दुकानात जाता, तिथंही दाराशी त्याच पानवाल्याची टपरी. तो चिठ्ठी पाहतो आणि वहीत लिहितो : हा सकाळी मंगल कार्यालयात होता, आता शालूकडे बघतोय. दुसऱ्या दिवशी बाजारभावाच्या फळ्यापाशी तोच. जळगावला जा, अमळनेरला जा, टपरी आहेच. नाव त्याला अजूनही माहीत नाही. पण घरात लग्न आहे, खर्चाची तयारी आहे, वैशाखात आहे, हे त्याला तुमच्या व्याह्यांआधी कळलं. मग शेरवानीवाला त्याला पैसे देतो आणि पानवाला चिठ्ठीवाल्याला गाठून फलक धरतो. याला ‘थर्ड पार्टी कुकी’ म्हणतात, म्हणजे तिसऱ्याची चिठ्ठी.

ही टपरी कार्यालयाच्या दाराशी आली कशी? मालकानं पैसे घेऊन बसवली असेल असं मला आधी वाटायचं. बऱ्याचदा तसं नसतं. वेबसाइट बनवणाऱ्या पोरानं रस्ता दाखवायला गूगलचा नकाशा चिकटवला, हॉलचा व्हिडिओ यूट्यूबवरून जोडला, किती लोक येतात हे मोजायला गूगल ॲनालिटिक्स घातलं, आणि कधीतरी फेसबुकवर जाहिरात केली तेव्हा त्यांचा ‘पिक्सेल’ म्हणून एक अदृश्य ठिपका टाकला. सगळं फुकट, सगळं दहा मिनिटांत. प्रत्येकाबरोबर एक पाहुणा घरात आला.

यात एक गोम आहे. मोजणीची चिठ्ठी कार्यालयाच्याच नावानं ठेवली जाते. तिचं नाव ‘अंडरस्कोअर जीए’, मुदत दोन वर्षं. अलीकडे क्रोम कुठलीच चिठ्ठी चारशे दिवसांपलीकडे ठेवत नाही, म्हणून तेवढी. फेसबुकची ‘एफबीपी’ नव्वद दिवसांची. दारावर पाटी कार्यालयाची, हिशेब मात्र दुसरीकडे पोचतो. म्हणून ‘तिसऱ्याच्या कुकीज बंद करा’ एवढं सेटिंग केलं की सगळं संपलं, असं नाही. तरी ते कराच. ॲपलच्या सफारीनं तिसऱ्याच्या चिठ्ठ्या २०२० पासून सरसकट अडवल्या. गूगलनंही क्रोममधून त्या काढतो म्हणून २०२० मध्येच जाहीर केलं, तारखा पुढे ढकलत नेल्या आणि २०२४ च्या जुलैत बेत सोडून दिला. जाहिरातीवर जगणाऱ्यानं जाहिरातीचं खत बंद करावं, ही अपेक्षा तशी भाबडीच होती. आपल्याकडे बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड आणि त्यात क्रोम; तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन, साइट सेटिंग उघडून, हे काम ज्याचं त्यानं करायचं.

आता फोन. डीजेवाल्याला आप्पांचा नंबर कुकीनं दिला नाही. कुकीला तो ठाऊकच नव्हता. आप्पांनीच तो दिला, ‘तारीख उपलब्ध आहे का’ विचारायच्या फॉर्ममध्ये : नाव, मोबाइल, लग्नाची तारीख, पाहुण्यांचा अंदाज. डीजेवाल्याला आणखी काय हवं? जाहिरात पाठीशी लागली तर कुकीकडे बघा, फोन पाठीशी लागला तर फॉर्मकडे. लोक पट्टीवर चिडतात आणि फॉर्म मुकाट भरतात, हे मला उलटंच वाटतं.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात ‘कुकी’ हा शब्द एकदाही नाही. पण ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती व्यक्तिगत माहिती, एवढी व्याख्या चिठ्ठीपर्यंत पोचायला पुरेशी आहे. संमती मोकळेपणानं, ठरावीक कामासाठी आणि स्पष्ट कृतीनं दिलेली हवी. ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. तारीख विचारायला दिलेला नंबर डीजेवाल्याकडे गेला, तर ते ‘ठरावीक काम’ राहिलं नाही. काम संपलं की माहिती पुसायची. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत. दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये. आणि आपल्या कामाची गोष्ट : संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्यात आहे. अहिराणी नाही, ते दुखणं वेगळं.

युरोपात हा वाद आधीच झडून गेलाय. एका जर्मन लॉटरी कंपनीनं संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवली होती. असली संमती ही संमतीच नव्हे, असं युरोपीय न्यायालयानं १ ऑक्टोबर २०१९ ला सांगितलं. पुढे २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या नियामकानं गूगलला पंधरा कोटी आणि फेसबुकला सहा कोटी युरोचा दंड जाहीर केला. कारण ऐका : ‘हो’ म्हणायला एक टिचकी आणि ‘नाही’ म्हणायला अनेक. आप्पांच्या पट्टीवर तर ‘नाही’चं बटणच नव्हतं.

शेवटी मी आणि आप्पा त्या कार्यालयात गेलो. हॉल बघायचाच होता. मालक भला माणूस. त्यानं चहा मागवला. मी त्याच्याच संगणकावर त्याची साइट उघडून एफ-१२ दाबलं आणि कुकीजची यादी दाखवली. अकरा होत्या. त्याच्या स्वतःच्या कामाच्या दोन. “बाकीच्या कोणाच्या?” त्यानं मलाच विचारलं. मग त्याचं ‘गोपनीयता धोरण’ उघडलं. इंग्रजीत, बारा परिच्छेद, आणि तळाशी कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांचे हक्क. सातपुड्याच्या पायथ्याशी कॅलिफोर्नियाचा रहिवासी लग्नाला येईलही एखादा, नाही असं नाही. पण हे धोरण कुठून तरी जसंच्या तसं उचललेलं होतं.

मी चार गोष्टी सुचवल्या. बंद पडलेल्या जाहिरातीचा पिक्सेल काढून टाका. व्हिडिओ यूट्यूबच्या ‘कुकीविना’ पर्यायानं जोडा, तो फुकटच आहे. पट्टीवर ‘नको’चं बटण ‘हो’च्या शेजारी, तेवढंच मोठं ठेवा. आणि धोरण मराठीत, आठ ओळींत लिहा : काय घेतो, कशाला घेतो, किती दिवस ठेवतो, कुणाला देतो. मालकानं सगळं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. “पण फोन नंबर मी कोणाला दिले नाहीत हो,” तो कळवळून म्हणाला. “फॉर्म आला की पोरगा तो वहीत उतरवतो, एवढंच.”

वही बाहेर काउंटरवर होती. नाव, नंबर, तारीख, पाहुणे, सगळं सुवाच्य अक्षरात. उघडीच होती, आणि बँडवाल्याचा माणूस तिच्यावर वाकून मोबाइलनं फोटो काढत होता.