घंटागाडी थांबते तेव्हा

आपण राहतो गावात, पण भाजी, पापड, मासळी विकायला बसतो महाड नाहीतर पोलादपूरच्या बाजारात. तिथला कचरा उचलला नाही, तर गिऱ्हाईक नाक दाबून पुढे जातं. म्हणून सफाई कामगारांच्या संपाबद्दल आज बोलू या.

२२ जुलै २०२१ चा पूर आठवा. पाणी ओसरल्यावर महाडच्या घराघरांत, दुकानांत चिखल आणि सडकं धान्य उरलं. ते उपसायला ठाणे, नवी मुंबईच्या महापालिकांचे सफाई कामगारही आले होते. या कामाचं मोल आपण तेव्हा पाहिलं.

मग हे लोक संप का करतात? पुष्कळ शहरांत सफाईचं काम ठेकेदाराकडे असतं. पगार रखडतो, भविष्य निर्वाह निधी भरला जात नाही, हातमोजे-गमबूट मिळत नाहीत. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निकाल लागला.

दोन नियम लक्षात ठेवू या. ठेकेदाराने पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी काम देणाऱ्या मूळ संस्थेवर, म्हणजे नगरपरिषदेवर किंवा नगरपंचायतीवर येते. दुसरं, संपाची नोटीस दिल्यावर किमान १४ दिवस थांबावं लागतं. म्हणजे संप एका रात्रीत होत नाही. "बोलणी कुठवर आली?" हे नगरसेवकांना विचारायचं ते याच १४ दिवसांत.

आणि संप झालाच तर?

ओला कचरा घरी न्या. भाजीचे देठ, माशांची खवलं खड्ड्यात टाकून वर माती आणि पालापाचोळा घाला. पावसाळ्यात खड्ड्यावर झाप किंवा पत्रा हवा.

प्लास्टिक धुऊन, सुकवून गोणीत साठवा. जाळू नका. सावित्री-गांधारीत तर टाकूच नका, पुरात ते आपल्याच दारात येतं.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळे ठेवा. काचाही वेगळ्या ठेवा.

हे एरवीही करायचंच आहे. न निवडलेल्या कचऱ्यात हात घालणारी बाई कुणाची तरी आई, कुणाची जाऊबाई असते. संप मिटल्यावर ती पुन्हा आपल्या दुकानापुढे झाडू घेऊन येईल. तिला विचारू या, "बाई, पगार झाला का?"

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.