दंतवैद्यकाचे खुले वर्ग

मानवी शरीरात दातावरील दंतवल्काइतका कठीण पदार्थ दुसरा नाही. आणि तरीही दाताची कीड हा जगात सर्वाधिक आढळणाऱ्या विकारांपैकी एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार सुमारे ३५० कोटी लोक मुखविकारांनी पीडित असून, त्यांतील चारांपैकी तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. हे बहुतेक विकार टाळता येण्याजोगे असतात. मग ते टाळण्याचे ज्ञान सर्वांपर्यंत न्यावयाचे कसे, हा खरा प्रश्न होय.

भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास स्थापन केले. तेव्हापासून महाविद्यालयांची संख्या पुष्कळ वाढली. परंतु प्रत्येक वर्गातील जागा मोजक्याच राहतात. खुल्या अभ्यासक्रमास ही मर्यादा नसते. संगणकाच्या जाळ्यावरून व्याख्याने, चित्रे व प्रश्नावली प्रसृत केल्या, म्हणजे कोणासही घरबसल्या नाव नोंदवून शिकता येते. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांनी असा एक वर्ग चालविला. शुल्क भरणारे विद्यार्थी सुमारे २५ होते. विनाशुल्क सामील झालेल्यांची संख्या दोन हजारांवर गेली. पुढे २०१४ साली इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाने दंतवैद्यकाची ओळख करून देणारा खुला अभ्यासक्रम काढला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानेही तसाच उपक्रम केला. भारत सरकारचा ‘स्वयम्’ हा खुल्या शिक्षणाचा मंच २०१७ साली सुरू झाला.

अशा अभ्यासक्रमातून काय शिकविता येते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दातावर साचणाऱ्या चिकट थरात असंख्य जीवाणू असतात. साखर मिळताच ते तिचे आम्ल बनवितात आणि काही मिनिटांतच थराची आम्लता इतकी वाढते, की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. नंतर लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते. त्यास अर्धा तास किंवा अधिक काळ लागतो. तेवढ्यात पुन्हा गोड चहा घेतला किंवा गोळी चघळली, तर दातास विश्रांती मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली, याबरोबरच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे ठरते. दंतवल्कात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा पडलेले भोक आपोआप भरून येत नाही. मात्र कीड नुसत्या पांढऱ्या डागाच्या अवस्थेत असेल, तर लाळेतील खनिजे व दंतमंजनातील फ्ल्युओराइड ती थोपवू शकतात. हा सर्व क्रम हलत्या चित्रांनी दाखविता येतो आणि न समजल्यास पुनःपुन्हा पाहता येतो.

परंतु दंतवैद्यक ही केवळ बुद्धीची नव्हे, हाताचीही विद्या आहे. किडलेला भाग किती कोरावा व निरोगी भाग कोठे सुरू होतो, हे बोटांना कळावे लागते. त्यासाठी विद्यार्थी प्रथम कृत्रिम जबड्यातील दातांवर आणि नंतर अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली रुग्णांवर काम करतात. हे शिक्षण पडद्यावरून होत नाही. खुला अभ्यासक्रम पुरा केल्याने कोणी दंतवैद्य होत नाही, व तसा दावा करणाऱ्याच्या हाती आपला दात देणे धोक्याचे होय.

आणखीही अडचणी आहेत. अशा मोठ्या वर्गांत नाव नोंदविणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत टिकणारे पुष्कळदा दहांत एकाहूनही कमी असतात. बहुतेक पाठ इंग्रजीत असतात आणि ज्या खेड्यास दंतवैद्य नाही, तेथे पडदा व वीज यांचीही खात्री नसते.

म्हणून या साधनाचा खरा उपयोग दंतवैद्य घडविण्यात नसून, दंतवैद्य व समाज यांमधील माणसे घडविण्यात आहे. गावातील आरोग्यसेविका, बालवाडीची शिक्षिका व शाळेचे गुरुजी यांनी पांढरा डाग वेळीच ओळखला, मुलांना दिवसातून दोनदा दात घासण्यास शिकविले व गरजूस योग्य ठिकाणी धाडले, तर पुष्कळ वेदना मुळातच टळतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आफ्रिकेतील आरोग्यसेवकांसाठी मुखारोग्याचा खुला पाठ्यक्रम काढला, तो याच दृष्टीने. ही विद्या लोकांच्या मातृभाषेत उतरली, तरच तिला खुली म्हणणे सार्थ होईल.