दमा: धाप आणि सूज

दमा म्हणजे काय
दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. सुजलेली नलिका हळवी होते. धूळ, धूर, परागकण, थंड हवा किंवा साध्या सर्दीनेही तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि अरुंद वाटेने हवा जाताना छातीत घरघर होते. धाप कधीतरी लागते. सूज मात्र बरे वाटणाऱ्या दिवशीही टिकून असू शकते. दम्याविषयीचे बहुतेक गैरसमज धापेलाच आजार मानल्याने रुजले आहेत.

दोन औषधे, दोन कामे
साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करते. आराम काही मिनिटांत पडतो आणि चार-सहा तासांत ओसरतो. सूज तशीच राहते. ती उतरवते ब्युडेसोनाइडसारखे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात आणि घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. म्हणून ज्याचा गुण लगेच जाणवतो तो साल्ब्युटामॉलचा पंप (इन्हेलर) खिशात राहतो आणि खरा गरजेचा स्टेरॉइडचा पंप कपाटात पडून राहतो. ही चूक जिवावर बेतू शकते. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘जिना’ने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलवर न ठेवण्याची शिफारस केली, ती यासाठीच.

‘पंपाची सवय लागते’
हा समज सर्वांत चिवट. प्रत्यक्षात दमा आटोक्यात आला की डॉक्टर स्टेरॉइडची मात्रा उतरवत आणतात. पंप बंद केल्यावर त्रास परततो तो सूज परतल्यामुळे. ‘आधी गोळ्या, पंप शेवटी’ हा क्रमही हिशेबात बसत नाही. साल्ब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत ४००० मायक्रोग्रॅम औषध असते, पंपाच्या एका दाबात १००. गोळी रक्तावाटे साऱ्या अंगात पसरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातले औषध थेट श्वासनलिकांत पोहोचते. स्टेरॉइडच्या पंपालाही मर्यादा आहेत: आवाज बसणे, तोंडात बुरशी येणे, मुलांच्या उंचीत सुमारे एक सेंटिमीटरची घट. पंपानंतर चूळ भरल्याने बुरशीचा त्रास बराच टळतो.

ओढण्याची रीत
पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटावेत. सावकाश श्वास घेता घेता पंप दाबावा आणि श्वास दहा सेकंद रोखावा. आरशात तोंडाबाहेर पांढरी वाफ दिसली, तर औषध वाया गेले. मुलांना व वृद्धांना पंपाला जोडायची स्पेसरची नळी उपयोगी पडते. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राची रीत उलटी: तेथे श्वास जोराने ओढावा लागतो, कारण पूड उडवण्याचे काम श्वासच करतो.

केळे, दही आणि मरळ
मराठी घरांत दमेकरी मुलाच्या ताटातून पहिल्यांदा केळे आणि दही जाते. त्या पदार्थाची ॲलर्जी असेल तरच ते योग्य. त्याच खोलीत डासांची कॉइल जळत असते, गादीत धूळकिडे असतात, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर काळी बुरशी असते. तिकडे लक्ष जात नाही, हे वाईट. मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादेत मरळीच्या जिवंत पिलाच्या तोंडात पिवळसर लगदा भरून ते रुग्णाला गिळायला देतात. त्याच्या गुणाचा शास्त्रीय पुरावा नाही. दमा ऋतूंनुसार चढतो-उतरतो. उताराचे श्रेय माशाला मिळते आणि पंप सुटतो.

खेळ
आटोक्यातल्या दम्यात व्यायाम वर्ज्य नाही. पॉला रॅडक्लिफ या दमा असलेल्या धावपटूने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला.

धोक्याची खूण
एका दमात वाक्य पुरे न होणे, ओठ निळसर पडणे, पंपाने आराम न मिळणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे. घरघर थांबूनही रुग्ण धापाच टाकत असेल, तर स्थिती अधिक गंभीर: आवाज उमटण्याइतकीही हवा तेव्हा नलिकांतून जात नसते.